बारा मुलांपैकी एक

(द्वितीय वर्ष, कला)

"शिकलेल्या माणसाने मागचे किती सांभाळावे आणि नवे किती घ्यावे?" हा विषय वक्तृत्व स्पर्धांतून वारंवार येतो. त्याच्या दोन बाजूही आता पाठ झाल्या आहेत. एक वक्ता म्हणतो, जुने ते सारे टाकल्याशिवाय प्रगती नाही. दुसरा म्हणतो, आपली मुळे सोडली तर आपण कोणाचेच राहणार नाही. दोघांनाही टाळ्या मिळतात, घंटा वाजते, आणि प्रश्न होता तिथेच राहतो. या लेखात मी एका जुन्या माणसाची बाजू मांडणार आहे. हा माणूस तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्ब्रिया नावाच्या राज्यात होऊन गेला. तो आधी मठाधिपती होता आणि उतारवयात बिशप झाला. त्याचे नाव ईआटा. हे नाव वाचकांनी ऐकले नसेल तर त्यात नवल नाही. कारण तो लढला नाही, त्याने ग्रंथ लिहिला नाही, आणि त्याच्या नावावर मोठे चमत्कारही नाहीत. पण वरील प्रश्न त्याच्या आयुष्यात खराखुरा येऊन उभा राहिला होता. तो त्याने कसा सोडवला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहण्यासारखे आहे.

त्याची हकीकत आपल्याला मुख्यतः बीड या इतिहासकाराकडून कळते. (आपल्या मराठवाड्यातल्या जिल्ह्याशी या नावाचा काही संबंध नाही!) बीड हा जॅरो येथील मठात राहणारा विद्वान. इंग्लिश लोकांच्या धर्माचा इतिहास त्याने 731 साली पुरा केला. ईआटाविषयी तो सलग असे कोठेच लिहीत नाही. कोणा मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना मध्येच दोन ओळी ईआटाविषयी येतात आणि गोष्ट पुढे जाते. या विखुरलेल्या ओळी एकत्र मांडल्या म्हणजे मात्र एक पुरा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

सुरुवात त्याच्या गुरूपासून करावी लागेल. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वाल्ड लहानपणी परागंदा होऊन आयरिश लोकांत वाढला होता आणि तिथेच ख्रिस्ती झाला होता. राज्य परत मिळाल्यावर आपल्या प्रजेला शिकवण्यासाठी त्याने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटावरच्या आयरिश मठातून एक धर्मगुरू मागवला. पहिला आला तो कडक स्वभावाचा होता. लोक त्याचे ऐकेनात. तेव्हा तो परत गेला आणि भरल्या सभेत म्हणाला, की हे लोक रानटी आहेत, त्यांना शिकवणे अशक्य आहे. त्या सभेत एडन नावाचा एक साधू बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, अडाणी श्रोत्यांशी तुम्ही जरा जास्तच कठोर वागलात. आधी दूध पाजायचे असते, मग हळूहळू घास भरवायचा असतो." सभेतल्या सर्वांच्या माना एडनकडे वळल्या आणि त्यालाच बिशप करून पाठवायचे ठरले. ही गोष्ट 635 सालची. माझ्या मते शिक्षणाच्या इतिहासात ही सभा मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे. "विद्यार्थी ढ आहेत" हे वाक्य तेव्हाही होते, आणि त्याला उत्तर देणारा एक जण तेव्हाही होता.

एडनने लिंडिसफार्न या बेटावर मठ स्थापला. दिवसातून दोनदा भरती आली की हे बेट समुद्राने वेढले जाते आणि ओहोटीला पुन्हा जमिनीशी जोडले जाते. एडन गावोगाव पायी फिरे. त्याला इंग्लिश नीट येत नसे. तेव्हा खुद्द राजा ओस्वाल्ड दुभाष्या होऊन त्याचे बोलणे आपल्या सरदारांना समजावून सांगे. श्रीमंतांनी दिलेला पैसा एडन गरिबांना वाटून टाकी किंवा अन्यायाने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांना सोडवण्यासाठी खर्ची घाली. अशा सोडवलेल्यांपैकी कित्येकांना त्याने शिकवले आणि धर्मगुरूच्या पदापर्यंत नेले. आणि येताच त्याने आणखी एक काम केले. इंग्लिश लोकांतली बारा मुले निवडून शिकवायला घेतली. ईआटा हा त्या बारांतला एक.

या बारा मुलांची स्थिती आपण क्षणभर ध्यानात घेऊ. घरची भाषा इंग्लिश. शिकवणारे गुरुजी आयरिश. आणि पुस्तके लॅटिन. त्यांच्या लोकांत लिहिण्यावाचण्याची परंपरा नुकती कुठे रुजू लागली होती. घरात वडीलधाऱ्यांना विचारावे तर वडीलधाऱ्यांनी पुस्तक उघडलेले नाही. एडनबरोबर जो कोणी राही, मग तो साधू असो वा साधा गृहस्थ, त्याला काही वाचावे तरी लागे किंवा स्तोत्रे तरी पाठ करावी लागत. अशा शाळेत ही मुले तयार झाली. घराण्यात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या माणसाला या मुलांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

एडन 651 साली वारला. त्याच सुमारास ईआटा ट्वीड नदीच्या वळणावर वसलेल्या मेलरोझ मठाचा प्रमुख झालेला दिसतो. म्हणजे अक्षरे गिरवायला बसल्यापासून सोळा वर्षांत तो मठाधिपती झाला. त्याच साली कथबर्ट नावाचा एक तरुण मेलरोझच्या दारात आला. ईआटा तेव्हा बाहेरगावी होता. बॉयझिल नावाच्या वडीलधाऱ्या साधूने तरुणाला ठेवून घेतले, आणि काही दिवसांनी ईआटा परतल्यावर त्याची परवानगी घेऊन कथबर्टला मठात दाखल केले. हा कथबर्ट पुढे उत्तर इंग्लंडचा सर्वांत लाडका संत झाला. कथबर्टविषयी ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. ज्याच्या संमतीने तो आत आला, त्या मठाधिपतीवर मात्र दोन ओळी!

आता खरा प्रसंग येतो. राजपुत्र आल्फ्रिथ याने ईआटाला रिपन येथे मठासाठी जागा दिली. ईआटा कथबर्टसह काही साधूंना घेऊन तिथे गेला आणि मठ उभा केला. आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था कथबर्टकडे होती. सर्व नीट चालले असताना आल्फ्रिथचे मत फिरले. विल्फ्रिड नावाचा एक तडफदार तरुण रोम पाहून, तिकडचे शास्त्र शिकून परत आला होता, आणि आल्फ्रिथवर त्याची छाप पडली होती. रिपनच्या साधूंना सांगण्यात आले, की ईस्टर सण व इतर विधी रोमच्या पद्धतीने पाळा, नाही तर जागा सोडा. ईआटाने आणि त्याच्या सोबत्यांनी जागा सोडली. स्वतःच्या हाताने उभे केलेले घर विल्फ्रिडच्या स्वाधीन झाले आणि ही मंडळी मेलरोझला परत आली.

सणाच्या तारखेवरून एवढे रामायण कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या घरातले कॅलेंडर उघडून पाहावे. स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी, असे आपणही पाहतो. ईस्टरची तारीख चंद्र आणि सूर्य या दोहोंच्या गणितावर ठरते. आयोनाचे साधू जुने कोष्टक वापरीत, रोमकडचे लोक नवे. केस कापण्याच्या पद्धतीतही दोन्ही पक्षांत फरक होता. नॉर्थम्ब्रियात राजा ओस्वियू आयरिश पद्धतीचा, तर राणी दक्षिणेकडून आलेली म्हणून रोमच्या पद्धतीची. परिणामी, राजा उपवास सोडून सण साजरा करीत असता राणी आणि तिची माणसे अजून उपवासच करीत, असा प्रसंग एकाच राजवाड्यात येई. घर दुभंगले होते आणि घराबरोबर राज्यही दुभंगू पाहत होते.

म्हणून 664 साली व्हिटबी येथे हिल्डा या मठाधिपतिणीच्या मठात सभा भरली. आयरिश बाजूने लिंडिसफार्नचा बिशप कोलमन बोलला, रोमच्या बाजूने मुख्यतः विल्फ्रिड. कोलमनने आपल्या वाडवडिलांचा आधार दिला, आयोनाचा संस्थापक कोलंबा याचे नाव घेतले. विल्फ्रिडने संत पीटरचे नाव घेतले, स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत असे मानतात तो. राजाने दोघांना विचारले, किल्ल्या पीटरकडेच आहेत ना? दोघेही हो म्हणाले. तेव्हा राजा म्हणाला, की मग मी द्वारपालाशी वैर धरीत नाही. उद्या दार उघडायला कोणी नसेल! निकाल रोमच्या बाजूने लागला.

कोलमनला हा निकाल मान्य झाला नाही. तो आयरिश साधूंना आणि सुमारे तीस इंग्लिश साधूंना घेऊन लिंडिसफार्न सोडून निघाला. ईआटा मात्र राहिला. त्याने नवी पद्धत स्वीकारली, आणि मागे राहिलेल्या साधूंवर लिंडिसफार्नचा मठाधिपती म्हणून त्याची नेमणूक झाली.

येथेच ईआटावर आरोप करता येतो, आणि तो मी सौम्य न करता मांडते. काही वर्षांपूर्वी रिपन सोडताना जी गोष्ट त्याला प्राणापलीकडची वाटत होती, ती 664 साली एकाएकी क्षुल्लक कशी झाली? गुरूची पद्धत सोडली आणि गुरूची गादी मिळाली. हा व्यवहार सरळ आहे काय? निष्ठावंत कोलमन समुद्रापार गेला आणि वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवणारा ईआटा खुर्चीत बसला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

पहिले उत्तर बीडनेच लिहून ठेवले आहे. ईआटाला लिंडिसफार्नवर नेमावे, ही मागणी जाता जाता राजाकडे केली ती कोलमनने! कारण बीडच्याच शब्दांत ते हे, की एडनने सुरुवातीला शिकवायला घेतलेल्या बारा इंग्लिश मुलांपैकी ईआटा एक होता. ज्याने वादात हार पत्करली, ज्याने तत्त्वासाठी घर सोडले, त्याने आपल्या मागे उरलेली माणसे ईआटाच्या हाती सोपवली. ईआटाने दगा दिला असे कोलमनला वाटले असते, तर त्याने दुसऱ्या कोणाचेही नाव घेतले असते. निघताना कोलमनने एडनच्या अस्थी बाहेर काढल्या; काही बरोबर घेतल्या, काही लिंडिसफार्नच्या चर्चमध्येच ठेवल्या. एडनचा वारसा एकट्याचा नाही, जाणाऱ्यांचाही आहे आणि राहणाऱ्यांचाही आहे, हे कोलमनला कळले होते. आपण कोलमनपेक्षा अधिक कडवे कशाला व्हावे?

दुसरे उत्तर पदाच्या लोभाविषयी. बिशपचे पद ईआटाला त्या वेळी मिळाले नाही. ते टुडा नावाच्या दुसऱ्याच माणसाला मिळाले आणि टुडा त्याच वर्षीच्या मोठ्या साथीत मरण पावला. नंतरही ते पद इतरांकडे गेले. ईआटा बिशप झाला तो चौदा वर्षांनी, 678 साली. लोभी माणूस चौदा वर्षे ओहोटीची वाट पाहत बेटावर बसून राहत नाही.

तिसरे उत्तर माझे स्वतःचे आहे, आणि वाचकांना ते पटावे अशी इच्छा आहे. रिपन आणि लिंडिसफार्न या दोन प्रसंगांत जमीनअस्मानाचा फरक आहे. रिपनला देणाऱ्याने हुकूम केला : बदला, नाही तर चालते व्हा. अशा वेळी बदलणे म्हणजे जागेच्या मोहाने बदलणे. तेव्हा जागा सोडणे हेच स्वाभिमानाचे होते, आणि त्यात नुकसान फक्त सोडणाऱ्यांचे होते. 664 साली दोन्ही बाजू सभेत उघडपणे मांडल्या गेल्या, ईआटाच्या बाजूचे म्हणणे त्यांच्या बिशपने स्वतः मांडले. निकाल राजाचा होता हे खरे. पण तो बोलणे ऐकून घेतल्यानंतरचा निकाल होता. शिवाय आता सगळेच निघून गेले असते, तर मागे राहिलेल्या साधूंना आणि आसपासच्या गावांना एडनची रीत माहीत असलेला कोण उरला असता? आयरिश बाजूची यजमानीण हिल्डा तीही राहिली. सभेत दुभाष्याचे काम करणारा सेड, लिंडिसफार्नच्याच शाळेतला, त्यानेही नवी गणना मान्य केली. ही सगळी माणसे भित्री होती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ईआटाने सोडले काय? तारखेचे कोष्टक आणि केस कापण्याची तऱ्हा. आणि राखले काय? कोलमनच्या लोकांनी जागा सोडली तेव्हा लिंडिसफार्नवर चर्चखेरीज मोजकीच घरे होती. गुराढोरांखेरीज त्यांच्याजवळ पैसा नव्हता. राजा आला तर पाचसहा माणसांनिशी येई, प्रार्थना करी आणि जाई. जेवायला राहिलाच तर साधूंच्या रोजच्या साध्या अन्नात भागवी. बीड हे वर्णन करतो तेव्हा त्याच्या शब्दांतून हळहळ जाणवते, कारण त्याच्या काळापर्यंत पुष्कळ ठिकाणी ही साधी राहणी गेली होती. या घराची किल्ली ईआटाकडे आली. त्याने मेलरोझहून कथबर्टला बोलावून आपल्या हाताखाली मठाची शिस्त त्याच्याकडे सोपवली. जुन्या सवयीच्या काही साधूंना नवे नियम रुचेनात. बैठकीत कथबर्टला कडू बोलणी ऐकावी लागत. तो शांतपणे उठे, बैठक संपवी, आणि दुसऱ्या दिवशी जणू काही घडलेच नाही अशा रीतीने तेच नियम पुन्हा समजावून सांगे. लोक हळूहळू वळले. आधी दूध, मग घास, ही एडनची शिकवण. ती कोष्टकाबरोबर गेली नव्हती. बीडने ईआटासाठी वापरलेले विशेषण "अत्यंत सौम्य" असे आहे. ते उगाच नाही.

जे निघून गेले त्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. कोलमन आयर्लंडच्या पश्चिमेकडील इनिशबोफिन या बेटावर गेला. तिथे एक मजेदार भांडण झाले. आयरिश साधू उन्हाळ्यात, पिकाच्या कापणीच्या दिवसांत, मठ सोडून ओळखीच्या ठिकाणी भटकायला जात आणि हिवाळ्यात परत येऊन, इंग्लिश साधूंनी राबून साठवलेल्या धान्यात वाटा मागत! अखेर कोलमनला इंग्लिशांसाठी मेयो येथे जमीन विकत घेऊन वेगळा मठ काढून द्यावा लागला. तत्त्वासाठी एकत्र निघालेली माणसे धान्याच्या कणगीपाशी वेगळी झाली. मी हे कोलमनला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्याच्या निष्ठेपुढे मी नमस्कारच करते. पण सोडून गेले म्हणजे सारे शुद्ध राहते, हा समज चुकीचा आहे एवढेच दिसते. आणि पुढे 716 साली खुद्द आयोनाने, कोलंबाच्या मठाने, तीच गणना स्वीकारली. ईआटाने जे 664 साली केले ते त्याच्या गुरूच्या मूळ घराने बावन्न वर्षांनी केले. तेवढ्याने आयोनाचे कोलंबाशी नाते तुटले काय? नाही.

ईआटाच्या आयुष्यात सगळेच निर्मळ होते असेही मी म्हणणार नाही. 678 साली राजा एक्गफ्रिथने विल्फ्रिडला हाकलले आणि आर्चबिशप थिओडोरने विल्फ्रिडच्या अवाढव्य धर्मप्रांताचे तुकडे केले. त्यांतला उत्तरेकडचा भाग ईआटाला दिला. विल्फ्रिडने रोमला जाऊन दाद मागितली, तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि परत आल्यावर राजाने त्याला तुरुंगात घातले. रिपनचे घर ज्याने घेतले त्याचाच प्रांत ईआटाकडे आला, यात कोणाला काव्यगत न्याय दिसेल. मला तो दिसत नाही. विल्फ्रिडवर अन्याय झाला तो अन्यायच होता, आणि त्याच्या जागेवर बसणाऱ्याला तो प्रश्न विचारता येतो. पण एवढा मोठा प्रांत एका बिशपला पायी फिरून सांभाळता येणे शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचायचे तर बिशप अधिक हवेत, हा थिओडोरचा विचार मला पटतो. 681 साली हा प्रांत पुन्हा विभागला गेला, तेव्हा हेक्सम दुसऱ्याकडे जाऊन ईआटाकडे फक्त लिंडिसफार्न उरले. त्याने तक्रार केल्याची एकही ओळ बीडने लिहिलेली नाही.

शेवटचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हेक्समचे पद रिकामे झाले, आणि 684 साली भरलेल्या सभेत त्या पदासाठी कथबर्टची निवड झाली. तेव्हा कथबर्ट फार्न बेटावर एकांतात राहत होता. राजा स्वतः नावेत बसून त्याला आणायला गेला, तेव्हा तो तयार झाला. पण त्याचा जीव लिंडिसफार्नवर होता. मग काय करायचे? ईआटा स्वतः हेक्समला गेला आणि लिंडिसफार्न कथबर्टला मिळाले. 685 साली ही अदलाबदल झाली. विचार करा, मित्रहो : ज्या बेटावर ईआटाने पहिले अक्षर गिरवले, जिथे त्याच्या गुरूच्या अस्थी होत्या, जे बेट वीस वर्षे त्याने सांभाळले, ते त्याने म्हातारपणी आपल्याच हाताखालच्या माणसासाठी सोडले. त्यानंतर थोड्याच अवधीत हेक्समला त्याचे देहावसान झाले. त्याच्या जागी जॉन नावाचा बिशप आला. या जॉनच्याच हातून पुढे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बीडला धर्मसेवेची पहिली मोठी दीक्षा मिळाली. म्हणजे ईआटाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने ज्याला दीक्षा दिली, त्याच्याच लेखणीमुळे आज आपल्याला ईआटा माहीत आहे.

मी एकोणीस वर्षांची आहे. माझे वडील धान्याच्या बाजारात हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते. घरात पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला विषयाबद्दल काहीच न विचारता सांगितले, "आधी भाषा सुधारून या." कारण मी "पाणी"ला "पानी" म्हटले होते. उलट, गावी गेले की चुलते म्हणतात, "लई शहरातली झालीस गं." दोन्हीकडून मिळणारा हुकूम एकच आहे : बदल, नाही तर चालती हो, किंवा बदलू नकोस, नाही तर चालती हो. दोन्ही रिपनचेच हुकूम. अशा हुकमापुढे वाकू नये, असे मला ईआटाने शिकवले. पण एका प्राध्यापकांनी वर्ग सुटल्यावर बसवून मला न आणि ण यांचा उच्चार जिभेची जागा दाखवून समजावला, तेव्हा मी तो आनंदाने शिकले. व्यासपीठावर मी "पाणी" म्हणते. घरी आईजवळ "पानी"च मागते. यात मला कोठेही खोटेपणा वाटत नाही. शब्दाचा उच्चार हे माझे कोष्टक आहे. तहानलेल्याला आधी पाणी द्यावे, मग नाव विचारावे, ही माझ्या घरची रीत आहे. पहिले बदलता येते. दुसरे बदलले तर मात्र शिक्षणाने माझे नुकसानच केले असे मी समजेन.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की "तू बदललास" या टोमण्याने खचू नका आणि "तू बदललाच नाहीस" या टोमण्यानेही खचू नका. काय बदलले आणि काय राहिले याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. हुकमाने बदलू नये. पटले तर आडमुठेपणाही करू नये. आणि प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती अशी, की आमच्यापैकी कोणाविषयी "यांना शिकवणे अशक्य" असे मनात आले तर आयोनाच्या त्या सभेची आठवण ठेवावी. परत गेलेल्या त्या कडक गुरूचे नाव बीडने आपल्या ग्रंथात लिहिलेले नाही. एडनने शिकवलेल्या बारा मुलांपैकी एक मात्र दोन मठांचा अधिपती आणि बिशप झाला, आणि स्वतःच्या विद्यार्थ्यासाठी जागा सोडून चालू लागला. शिकलेल्या माणसाची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.